सहा काळ्या वायरी

स्टेअरिंगखाली सहा वायरी लोंबत होत्या आणि बाइंडरला त्या काही केल्या बघवत नव्हत्या.

बाकी गाडी झाली होती. ही सासऱ्यांची जुनी पिकअप. तीस वर्षं त्यांनी तिच्यातून लोकांची कपाटं, पलंग आणि एकदा तर आरसे-खुर्च्यांसकट अख्खं केशकर्तनालय हलवलं होतं. बाइंडरने दोन वर्षं खपून तिला पुन्हा उभी केली. पत्रा ठोकून झाला, हिरवा रंग चढला, सीटला नवं रेक्झिन आलं. तरी दार उघडलं की आधी नजरेत भरायच्या त्या स्टेअरिंगच्या नळीला बाहेरून चिकटपट्टीने बांधलेल्या वायरी: हॉर्नची, दिव्यांची, इंडिकेटरच्या.

बाइंडर पुस्तकं बांधायचा. ज्याची शिवण दिसते ते पुस्तक नव्हे, ती वही, असं तो गिऱ्हाइकांना ऐकवत असे. गिऱ्हाईक वहीच बांधून घ्यायला आलेलं असलं तरी ऐकवत असे.

आणि उद्या रविवारी सासरे गाडी बघायला येणार होते. सासरे माणूस वाईट नव्हेत. फक्त सव्वीस वर्षांत जावयाच्या एकाही कामाला त्यांनी "छान" म्हटलं नव्हतं. ते "चालेल" म्हणत. लग्नानंतर बाइंडरने त्यांना स्वतः बांधलेली चामडी पुठ्ठ्याची डायरी दिली, तेव्हा ती उलटीसुलटी करून ते म्हणाले, "चालेल." घर घेतलं, "चालेल." नात झाली तेव्हा मात्र "छान" म्हणाले, पण ते आपल्या मुलीकडे बघून. बाइंडरला ह्या गाडीवर एक "छान" हवा होता. एवढंच मागणं होतं बिचाऱ्याचं.

"अहो, वायरी आहेत त्या," बायको म्हणाली. "कुणाची लफडी आहेत का लपवायला?"

"तुला नाही कळायचं. नळी पोकळ आहे. आतला दांडा फिरतो, बाहेरची नळी जागची हलत नाही. मधे जागाच जागा आहे."

"मग कंपनीने का नाही घातल्या आत?"

"त्यांना घाई असते," बाइंडर म्हणाला.

काम त्याने बाइंडरच्या पद्धतीने केलं. स्टेअरिंगच्या चाकाच्या बुडाशी दोन बोटं वायर उघडी राहणारच होती. तिथे लाल-पिवळी वायर डोळ्यात खुपली असती. नळी काळी, म्हणून त्याने सहाही वायरी काळ्या आणल्या. कुठली कशाची हे कळावं म्हणून प्रत्येकीच्या खालच्या टोकाला खळीने कागदाची चिठ्ठी चिकटवली आणि वळणदार अक्षरात नाव घातलं. मग पुस्तकं शिवायच्या मेणाच्या दोऱ्याला सहाही टोकं बांधून तो दोरा नळीतून खाली ओढला.

वायरी सुरेख खाली आल्या. चिठ्ठ्या आतच राहिल्या. एवढ्या वर्षांच्या ग्रीसपुढे खळीचा काय पाड!

आता खाली एकसारखी सहा काळी टोकं होती. बाइंडरने अंदाजाने जोडली. उजवा इंडिकेटर दिला की हॉर्न वाजू लागला, हॉर्न दाबला की पुढचे दिवे लागू लागले आणि डावा इंडिकेटर दिला की काहीच होईना, तेवढाच काय तो त्या गाडीचा समंजसपणा. पुन्हा जोडली. ह्या वेळी इंडिकेटर आणि दिवे एकमेकांच्या जागी गेले. तिसऱ्या खेपेला धूर निघाला, तेव्हा त्याने शेजारच्या गॅरेजमधल्या मित्राला बोलावलं. तो गाड्यांच्या वायरिंगचं काम करी आणि पटकन उडत असल्यामुळे त्याला सगळे फ्यूज म्हणत.

फ्यूजने खाली वाकून पाहिलं आणि तो उडाला.

"सहाही काळ्या? कोण शहाणा सहाही वायरी काळ्या घालतो?"

"वरून दिसत नाहीत बघ अजिबात."

"मलाही दिसत नाहीयेत ना! रंग कशाला असतात वायरींना, शोभेला?"

तरी मित्र तो मित्र. टेस्ट लॅम्प लावून त्याने तासाभरात एकेक वायर ओळखली, जागच्या जागी जोडली. दिवे लागले, इंडिकेटर लुकलुकले, हॉर्न दाबल्यावरच वाजला. बाइंडरने आनंदाने स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं. मग डावीकडे फिरवलं, आणि हॉर्न कोकलायला लागला. सरळ केलं, गप्प. डावीकडे, पुन्हा बोंब.

"हॉर्नची वायर सोलली आत," फ्यूज म्हणाला. "डावीकडे फिरला की दांडा तिला नळीवर दाबतो. लोखंडाला टेकली की वाजणारच. सगळं बाहेर काढ. बाहेरून बांधून देतो अर्ध्या तासात."

"बाहेरून नाही."

"मग उद्यापुरता हॉर्न तोड."

"ते बसले की आधी हॉर्नच वाजवून बघतात."

फ्यूजने हात पुसले. "मग डावीकडे वळू नकोस."

तो चिडून बोलला होता, पण बाइंडरला ते पटलं. संध्याकाळी तो पायी फिरून रस्ता बघून आला. फाटकातून उजवीकडे, दवाखान्यापाशी उजवीकडे, पाण्याच्या टाकीपाशी उजवीकडे, की माणूस परत घरी. गाडी आपण चालवायची, सासऱ्यांना शेजारी बसवायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सासरे अकराला आले. गाडीभोवती एक फेरी मारली, पत्र्यावरून हात फिरवला. मग दार उघडलं. बाइंडर आधीच चाकामागे जाऊन बसला होता.

"सरका, जावईबापू," ते म्हणाले. चालकाच्या सीटवरच बसले. बाइंडरला पलीकडे सरकावं लागलं.

हॉर्न एकदा वाजवून झाला. मग सासऱ्यांचा हात सवयीने स्टेअरिंगखाली गेला आणि तिथेच चाचपडत राहिला.

"वायरी कुठायत?"

"आत घातल्या, बाबा. नळीतून."

"हं," सासरे म्हणाले. हे तर "चालेल"पेक्षाही खालचं होतं.

गाडी निघाली. फाटकातून उजवीकडे. दवाखान्यापाशी उजवीकडे. बाइंडरने श्वास सोडला. पाण्याच्या टाकीपाशी सासऱ्यांनी डावा इंडिकेटर दिला.

"बाबा, इकडे उजवीकडे..."

"माहितीये मला रस्ता."

चाक डावीकडे फिरलं आणि हॉर्न सुटला. सायकलवाला फुटपाथवर चढला. दोन बाल्कन्यांतून माणसं बाहेर आली. सासऱ्यांनी चाक सरळ केलं, हॉर्न थांबला. त्यांनी गाडी कडेला घेतली. मग उभ्या गाडीतच चाक मुद्दाम पुन्हा डावीकडे फिरवलं आणि ती बोंब लक्ष देऊन ऐकली. बाइंडर डोळे मिटून "चालेल"चीसुद्धा आशा सोडून बसला.

"मीपण घातल्या होत्या आत," सासरे म्हणाले.

"काय?"

"गाडी घेतली त्या वर्षी. सासऱ्यांना दाखवायची होती. तुमच्या बायकोच्या आजोबांना." ते खुदखुदायला लागले. "डावीकडे वळली की अशीच बोंबलायची. तीन महिने नुसता उजवीकडे वळत होतो. एकदा एकाचं कपाट पोचवायला अख्ख्या गावाला वळसा घातला."

"मग कंपनीने बाहेरच दिल्या होत्या?"

"कंपनीने आतच दिल्या होत्या हो. नीट, पन्हळ करून. बुडाशी दोन बोटं दिसायच्या, तेवढ्याही झाकायला मी त्या काढून माझ्या घातल्या. शेवटी कंटाळून बाहेर बांधल्या."

"आणि तुमचे सासरे? ते काय म्हणाले?"

सासऱ्यांनी गाडी गिअरमध्ये टाकली.

"काही नाही म्हणाले. शेवटपर्यंत."

मग डावीकडेच वळत, हॉर्न वाजवत, दोघे घरी आले.

तासाभराने बायको चहा घेऊन अंगणात आली. तिचा नवरा स्टेअरिंगखाली उताणा पडला होता, वडील स्टुलावर बसून पट्टीचे तुकडे कापून देत होते, आणि सहाही काळ्या वायरी नळीला बाहेरून, जरा वाकड्याच, बांधलेल्या होत्या.

"दोन वर्षं खपून शेवटी हे लोंबतंय?" ती म्हणाली. "कुणी केलं हे असं?"

"आम्ही," तिचे वडील म्हणाले. "छान झालंय."