याकोबमास्तर आणि गोऱ्यांचे पंच

याकोबमास्तर साळवे खेळ बघायला जात, पण खेळाडूंकडे बघत नसत. ते पंचाकडे बघत. सामना संपल्यावर कोण जिंकलं हे त्यांना सांगता यायचं नाही. पंच कुठे दमला, कुठे त्याने डोळेझाक केली, हे मात्र तोंडपाठ.

भिंगारला आमच्या शेजारी ते एकटेच राहत. शाळेत ड्रिल शिकवत आणि उन्हाळ्यात तिसगावकडच्या जत्रांत कुस्त्यांचे पंच म्हणून जात. निकाल देताना समोर पाटलाचा मुलगा आहे की धनगराचा, हे ते बघत नसत. त्यामुळे त्यांना आमंत्रणं पुष्कळ गावांहून येत, पण एका गावाहून दुसऱ्यांदा सहसा येत नसत.

लढाईची वर्षं होती. नगरची छावणी गोऱ्या सोल्जरांनी भरून गेली होती. शनिवारी संध्याकाळी ते रग्बी खेळत. आम्ही गावची माणसं दोरीबाहेर, लिंबाखाली उभी. लांबट चेंडू छातीशी धरून एकजण पळतो आणि बाकीचे त्याच्या कमरेला मिठी मारून त्याला आडवा करतात, एवढंच मला कळायचं. मास्तरांनी त्या खेळाचं नाव ठेवलं होतं ‘रगडबी’.

“ह्यो खेळ ख्रिस्ती हाय,” ते मला ठासून सांगत. “आपन पुढं पळायचं, पन चेंडू मागच्याला द्यायचा. पुढच्याला दिला की पाप. खेळ लई चांगला, फक्त पंच न्हाईत.”

पंचांवर त्यांचा राग होता. एक पोटसुटा अधिकारी शिट्टी घेऊन उतरायचा. “ह्यो नापास. चेंडू त्या टोकाला गेला तरी ह्यो हितंच. पंच म्हंजे काय मैलाचा दगड हाय?” दुसरा सारखी शिट्टी फुंकायचा. “ह्योबी नापास. शिट्टी हाय का चहाची किटली?” हे सगळं ते भर मैदानात मोठ्याने बोलत. गोऱ्यांना मराठी येत नाही यावर माझा भरवसा होता. मास्तरांना तशा भरवशाची गरजच नव्हती.

एका शनिवारी स्कॉटलंडच्या सोल्जरांचा वेल्सवाल्यांशी सामना ठरला. पंच एक इंग्रज कॅप्टन. तीन मुलुख एका मैदानावर, म्हणून छावणीत त्याला आंतरराष्ट्रीय सामना म्हणत होते. मास्तर शाळेतून थेट आले, ड्रिलची शिट्टी गळ्यात तशीच.

कॅप्टन चांगला पळत होता. मास्तर खूश दिसले. मग एका झटापटीत वेल्सचा एक किडकिडीत पोरगा खाली गेला आणि त्याच्यावर दहाबारा जणांचा ढीग पडला. चेंडू पलीकडून बाहेर निसटला, तसा कॅप्टनही त्याच्यामागे धावला. ढिगाखालून एक हात बाहेर आला होता. तो माती थापटत होता, आणि मग थांबला.

“वाजव,” मास्तर पुटपुटले. “वाजव की रे बाबा!”

कॅप्टनचं लक्ष चेंडूकडे होतं. मास्तरांनी शिट्टी तोंडात घातली आणि अशी फुंकली, की चेंडूमागे धावणारे दोन्हीकडचे गडी जागच्या जागी थबकले.

ढीग उठला. पोरगा पालथा पडला होता, चेहरा निळा. कोणीतरी त्याला उताणा केला, कॉलर सोडली. थोड्या वेळाने त्याने मोठा श्वास घेतला. तोवर दोन लष्करी पोलिसांनी मास्तरांचे दंड धरले होते. लिंबाखालची गर्दी मागे सरकली. मीही सरकलो असतो, पण मास्तरांनी माझी बाही पकडली होती.

कॅप्टन आला. “इथला पंच तू आहेस?” मास्तरांच्या इंग्रजीचं मी मराठी करून सांगतो: “नाही साहेब, तुम्ही आहात. म्हणून तर आधी तुमची वाट बघितली.”

कॅप्टन लालबुंद झाला. त्याने मागे वळून त्या पोराकडे पाहिलं. मग पोलिसांना म्हणाला, “सोडा त्याला,” आणि मान खाली घालून परत गेला.

घरी येताना मास्तर म्हणाले, “ह्यो पास. चूक कळली की मान खाली घालतो, असा पंच जत्रंतबी घावत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच वेल्सचा पोरगा विचारत विचारत आमच्या गल्लीत आला. हातात बिस्किटांचा डबा, मान एका बाजूला आखडलेली. मास्तरांनी त्याला चटईवर बसवलं, तिळाचं तेल कोमट केलं आणि आखाड्यातल्या पैलवानाची रगडतात तशी त्याची मान रगडली. तो वेल्समधलं काहीतरी सांगत होता, मास्तर तिसगावचं. दोघांचंही छान चाललं होतं.

तासाभराने मी डोकावलो, तर मास्तर बाहेर उंबऱ्यावर बसलेले. आत त्यांच्या बायकोच्या खाटेवर पोरगा गाढ झोपला होता. बाई गेल्यापासून त्या खाटेवर मास्तर कोणाला बसूही देत नसत.

“काय मास्तर,” मी नेहमीसारखं हाकारलं.

“हळू!” त्यांनी हात जोडले. तेवढ्यात कोपऱ्यावर कल्हईवाला ओरडला. मास्तर अनवाणीच पळत गेले, त्याला दुसऱ्या गल्लीत धाडून परत येऊन बसले.

“उठवायचं नाही का त्याला? हजेरी असेल,” मी विचारलं.

“उठवतो की.” ते आतल्या बाजूला कान देऊन होते. “जरा थांबा. घरात दुसरं मानूस घोरतंय. लई दिसांनी ऐकतोय.”