वर्तक आणि धोंडिबाची शिट्टी

वर्तक कुठल्याही खोलीत शिरले की आधी टाळी वाजवत. एकच, खणखणीत. मग मान तिरपी करून आवाज परत कसा येतो ते ऐकत आणि निकाल देत, "कोरडी आहे." क्वचित, "बरी आहे." बँकेत वाजवत, दवाखान्यात वाजवत. माझे वडील गेले तेव्हा भेटायला आले आणि दारातच टाळी वाजवली. आतल्या बायका रडायच्या थांबल्या. "पडदे काढलेत वाटतं," असं म्हणून ते सतरंजीवर बसले, ते बाकीचे सगळे उठून गेले तरी हलले नाहीत.

मी बिराजदार, मूळचा लातूरचा. उरवड्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. धरणाच्या बाजूला, गावाबाहेर, तीन बंगले आहेत. एक कायम कुलपात, एक मी भाड्याने घेतलेला आणि मधला वर्तकांचा.

वर्तक संगीतकार आहेत, असं सांगितलं की लोक विचारतात, कुठल्या सिनेमाचे? ते सिनेमाचे नाहीत. पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी लिहितात. तरुणपणी जर्मनीला शिकायला गेले आणि तिथेच राहिले. एकेक रचना लिहायला वर्ष-दीड वर्ष लागे. ती एकदा वाजे, लोक उभे राहून टाळ्या देत, आणि पुन्हा तिला कुणी हात लावत नसे. "आमच्या धंद्यात बारसं आणि बारावं एकाच दिवशी," असं ते अगदी निर्विकारपणे सांगत. पत्नी नलिनीबाई आजारी पडल्या, त्यांना आपल्या माणसांत यायचं होतं, म्हणून परतले. पुढे त्या गेल्या. मग वर्तक पुणं सोडून इकडे आले. शांतता हवी होती.

शांतता मिळाली नाही, कारण खालच्या माळावर धोंडिबा होता.

धोंडिबा शेळ्या राखायचा. दिवस कलला की बांधावर उभा राहून दोन बोटं तोंडात घालायचा आणि लांबलचक शिट्टी मारायचा. खालून वर चढत जाणारी, शेवटी गिरकी घेणारी. डोंगरावर पांगलेल्या शेळ्या झाडीतून निघून खाली यायच्या. नेमकी तीच वर्तकांची लिहायची वेळ. ते चष्मा कपाळावर सारून व्हरांड्यात येत.

"धोंडिबा, शेवटचा सूर चढतोय तुमचा."

"शेरडांनी कदी तक्रार न्हाई केली, सायेब."

"शेळ्यांना काय कळतं त्यातलं?"

"मंग तुमचं कुनाला कळतंया?"

यानंतर वर्तक आठवडाभर बोलले नाहीत. धोंडिबाशी नव्हे, माझ्याशी. मी हसलो होतो.

पावसाळ्यातल्या एका रविवारी धोंडिबा ताम्हिणीच्या रस्त्यावरून शेळ्या पलीकडे नेत होता. सहलीला निघालेल्या एका गाडीने त्याला उडवलं. गाडी थांबली नाही. मागच्या गाड्या थांबल्या, काचा खाली झाल्या, कुणीतरी फोटो काढला आणि रांग पुढे सरकली. गावातलं एक पोर आम्हाला बोलवायला येईपर्यंत तो तसाच पडून होता. माझ्या गाडीतून आम्ही त्याला पौडच्या दवाखान्यात नेलं. मागच्या सीटवर त्याचं डोकं वर्तकांच्या मांडीवर होतं. अर्ध्या वाटेवर वर्तक म्हणाले, "बिराजदार, आता सावकाश चालवा." मला कळलं.

दिवस झाले, पाहुणे पांगले. लेक सासरी परत गेली. धोंडिबाची बायको हौसाबाई एकटी उरली. शेळ्या डोंगरावर सोडायची, पण संध्याकाळी त्या खाली उतरेनात. हाका मारून तिचा घसा बसला. दोन शेळ्या बिबट्याने नेल्या.

मग एका संध्याकाळी वर्तक बांधावर जाऊन उभे राहिले. दोन बोटं तोंडात घातली. आधी नुसती थुंकी उडाली. मग शिट्टी आली, आणि माझ्या हातातला कप तसाच राहिला. हुबेहूब धोंडिबा. तो चढलेला शेवटचा सूरसुद्धा. शेळ्या उड्या मारत खाली आल्या.

रोजचंच झालं ते. गावात कौतुक झालं. वर्तकांनी दाढी करायला सुरुवात केली. मला वाटलं, चला, दोघांचंही काहीतरी मार्गी लागलं.

एके दिवशी हौसाबाई वर्तकांच्या पायऱ्यांपाशी आली. मी तिथेच बसलो होतो.

"सायेब, उद्यापास्नं शिट्टी घालू नका."

"का? चुकते का कुठे?"

"चुकत न्हाई, म्हून तर." तिने पदर सारखा केला. "शेरडं येत्यात, खरं हाय. पन हिकडं शिट्टी झाली की मी बी उठून च्याचं आधान ठेवती. त्यो आला म्हून. पानी उकळाया लागलं की मंग आठवतं."

वर्तक एवढंच म्हणाले, "बरं."

ती माळ उतरून गेली. वर्तक पायऱ्यांवर बसले.

"तिला तो अजून ऐकू येतो, बिराजदार," ते म्हणाले. "नलिनी काय काय बोलायची ते मला सगळं आठवतं. कुठल्या खोलीत बोलली, तेव्हा गॅसवर काय होतं, तेही. आवाज तेवढा आठवत नाही. किती प्रयत्न केला. येत नाही."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "एखादं रेकॉर्डिंग असेल ना घरात?"

"ढीगभर आहेत," वर्तक म्हणाले. "सगळी माझ्या संगीताची."

दुसऱ्या दिवशी ते काठी घेऊन डोंगरावर गेले. शिट्टी नाही, काही नाही. शेळ्यांच्या मागून हिंडले, दोनदा घसरले, गुडघा फोडून घेतला. आता रोज जातात. खालून हौसाबाई तिच्या बसक्या आवाजात हाक देते, हळूहळू शेळ्यांना तीही कळायला लागली आहे. हाक आली की शेळ्या पुढे निघतात. वर्तक मात्र जागीच थांबतात. हाक विरेपर्यंत उभे राहतात आणि मग एकटेच खाली येतात.