चांगुणाची गाठ

माझी बायको चांगुणा हिने बांधलेली वस्तू सोडवायची तर घरात कोयता लागायचा. दुसरा इलाज नव्हता.

मी होडीवर जायचो तेव्हा ती फडक्यात भाकरी बांधून द्यायची. बाकीचे खलाशी जेवून विड्या पेटवायचे, तरी मी आपला दातांनी फडकं ओढतोय. तांडेल म्हणायचा, "अरे, फडक्यासकट खा नि मोकळा हो." एकदा थोडं खाल्लंही.

शेजारणीने अंड्यांवर बसवायला आमची कोंबडी नेली. परत आणली तेव्हा कोंबडीच्या पायात दोरी, नि दोरीच्या टोकाला शेजारणीच्या दारातला खुंटा. नेली त्याच संध्याकाळी चांगुणा स्वतः जाऊन बांधून आली होती. शेजारीण म्हणाली, "कोंबडी घे बाय. खुंटा सुटला तं धाडून दे."

मला तर हे लग्नातच कळायला हवं होतं. भटजींनी माझ्या शेल्याची नि तिच्या पदराची गाठ मारली. नवरीने मान खाली घालून बसावं की नाही? हिने गाठ चाचपली नि भर मांडवात म्हणाली, "ढिली हाय." भटजी बघत राहिले. हिने स्वतः मारली. शेला माझ्या काकाचा, एका दिवसापुरता आणलेला. जेवणं झाली, मांडव उतरला, काका दारात उभा. "शेला दे." मी म्हटलं, "ने, पण लुगडंही सोबत येईल." काका पुढे बरीच वर्षं माझ्याशी बोलला नाही.

कोणी काही बोललं की तिचं एकच उत्तर. "गाठ ती गाठ. सुटता नये."

तेव्हा तारापूरला वीज करायचा मोठा कारखाना बांधायला घेतला होता. बोईसरला लांबलांबची माणसं बिऱ्हाडं करून राहिलेली. चांगुणा आमच्या मुरबे गावाहून टोपली घेऊन त्यांच्या दारी मासळी विकायला जायची, पोटुशी असली तरी. एक पंजाबी बाई तिची ठरलेली गिऱ्हाईक. हिला हिंदी येत नव्हतं, बाईला मराठी येत नव्हतं, पण दोघी बोलायला बसल्या की टोपलीतल्या मासळीला झोप लागायची. त्या बाईचे हात सारखे लोकरीत. चांगुणा जाळी विणणाऱ्या घरातली. दुसऱ्याचं विणकाम बघून गप्प बसेल ती कसली? बाईने तिला दोन सुया नि पिवळी लोकर दिली, येणाऱ्या बाळाला म्हणून, आणि वीण शिकवली.

घरी आली ती चिडूनच.

"आयकलं का? बाई सोन्यासारखी हाय, पण तिचं काम खोटं. एक टाका चुकला म्हून तिनं टोक वढलं, तं आख्खी वळ सुटली! सर्रकन! असलं जाळं दर्यावर नेलं तं मासे हसतील."

"अगे, ते जाळं नाय, सोटर हाय."

"पोर घालायचं ना त्यात? मंग? मासे परवडले."

आणि तिने तोड काढली. बाईने शिकवला तसा एक टाका घ्यायचा, नि त्याच्यावर जाळ्याची एक गाठ. पुन्हा टाका, पुन्हा गाठ. अख्खा स्वेटर असा.

आता मुरब्यात थंडी म्हणजे पौषातल्या चार सकाळी. तेवढ्यात खोकला येतो नि जातो. माझी आय म्हणाली, "सोटर कशाला गं? पोराला करंदीसारखं उकडून काढते काय?" चांगुणा ऐकते थोडीच.

मुलगी झाली. शेवंती नाव ठेवलं. डोकं माझ्यावर गेलेलं, चांगलं शहाळ्याएवढं. बाळंतीण उठली ती सुया घेऊनच. पोर पाळण्यात, लोकरीचा गुंडा पाळण्याला बांधलेला. हिने लोकर ओढली की पाळणा हलायचा. हाताने झोका द्यायला नको नि विणकामही थांबायला नको, अशी हिची युक्ती. पण पोरीने लाथ मारली की पाळणा उलटा जायचा नि हिच्या हातातली सुई उडायची. एक सुई कालवणात पडली. तिने ती काढली, त्याच सुईने तव्यावरचा बोंबील उलटला नि पुन्हा लोकरीत घातली. पोर पाजताना विणकाम पोरीच्याच डोक्यावर टेकवायची. पुढे पुढे आमच्या पाळण्याखाली गावातली सगळी मांजरं येऊन बसायला लागली. त्या स्वेटराला बोंबलाचा असा वास होता की मलाही भूक लागायची.

स्वेटर झाला वैशाखात.

काय तो स्वेटर! जमिनीवर ठेवला तर उभा राहायचा. चांगुणाला तो त्याच दिवशी पंजाबी बाईला दाखवायचा होता, पोरीच्या अंगावर. आयने पाय धरले, मी स्वेटर धरला, हिने वरून जोर लावला. टप्प झालं नि डोकं आत गेलं. पोरीचे दोन्ही हात आडवे, शेतातल्या बुजगावण्यासारखे. गळा अगदी मानेला चिकटलेला. दारापर्यंत जातो न जातो तोच पोर लालबुंद होऊन रडायला लागली.

"काढ, काढ," मी म्हटलं.

काढतो काय! गेलेलं डोकं परत येईना.

मुरब्यात रडण्याचा आवाज लांब जातो. बघता बघता घर भरलं. एकजण म्हणाला, तेल लावा. खोबरेल ओतलं. पोर वाम माशासारखी निसटायला लागली, पण स्वेटरातून नाही, आमच्या हातांतून. दुसरा म्हणाला, उलटी धरा. आयने त्यालाच उलटा धरायची धमकी दिली. होड्या बांधणारा सुतार आला, त्याने पोरीच्या डोक्याचं माप घेतलं, गळ्याचं माप घेतलं, मान हलवली नि म्हणाला, "गेलं कसं आत?" आणि आला तसा गेला.

पोर आता रडायचीही थकली होती. तोंड तापलेलं, श्वास भरभर. मला हसू येत होतं ते कुठल्या कुठे गेलं. मी कोयता ठेवून बारीक सुरी घेतली.

चांगुणाने पोर उचलली नि पाठ भिंतीला लावली. "बोट शिरत नाय तिथं सुरी घालता? मानेशी? खबरदार!"

"मंग काय करू?"

"मी सोडवते."

घरातली सगळी माणसं हसली. चांगुणा नि सोडवणार! आयने हातात झाडू घेतला. "वारा येऊ द्या पोरीला! चला, निघा!" घर रिकामं झालं. आय दारात जाऊन उभी राहिली.

चांगुणा खाली बसली. पोर मांडीवर. तिने गळ्याची कड चिमटीत धरली. मी जवळ बसून पुठ्ठ्याने वारा घालायला लागलो. पहिली गाठ सुटली. दुसरी सुटली. मान वर न करता ती बोलली.

"बापूसची होडी खुंट्याला मी बांधली व्हती."

माझा सासरा दर्यात गेला एवढंच मला माहीत होतं. बंदरात होडी लावून आत झोपला होता. होडी आमच्या बाजूच्या माहीमच्या खडकांशी सापडली. तो सापडला नाही. गावात म्हणायचे, गाठ सुटली असेल. कोणी बांधली होती ते कोणी विचारलं नाही.

"तो म्हणाला, बांध गे चांगू. मी बांधली. लहान व्हते मी. जोर पुरला नाय." तिने अंगठ्याने डोळे पुसले. "माझ्या आयला पण नाय सांगितलं कधी."

मी पुठ्ठा खाली ठेवला नि म्हटलं, "पुढली कुठली? मला दे."

तिने माझं बोट धरून गाठीवर ठेवलं. "वढू नका. वढली की बसते. उलटी ढकला. अशी. बघा, मऊ झाली."

ती डावीकडून, मी उजवीकडून. दोघं जाळं दुरुस्त करायला बसावं तसे बसलो, फक्त जाळ्यात पोर. गळा बोटभर उघडला, मग दोन बोटं, नि डोकं बाहेर आलं. शेवंती शिंकली, आम्हां दोघांकडे रागाने बघितलं नि मला भिजवून मोकळी झाली. आय दारातून म्हणाली, "झाली का करंदी शिजून?" चांगुणा हसायला लागली ती थांबेना. हसता हसता रडायची, रडता रडता हसायची. मी पोर घेऊन बाहेर वाऱ्यावर गेलो.

पुढे पावसाळ्यात तिने उरलेल्या गाठीही सोडवल्या नि त्याच लोकरीचा दुसरा स्वेटर केला, बाईने शिकवला होता तसाच, एकही जास्तीची गाठ न घालता. पौषातल्या चार सकाळी पोरीने घातला. मांजरं मागे होतीच.

स्वेटर सुधारला, बाकी काही सुधारलं नाही. भाकरीचं फडकं मी जन्मभर दातांनी सोडलं.

चांगुणा गेल्या आषाढात गेली. त्याच्या आधी तिने सुक्या बोंबलांचं गाठोडं पावसाळ्यासाठी वाशाला बांधून ठेवलं होतं. ते अजून तिथेच आहे. शेवंती सासरहून येते तेव्हा नाकाला पदर लावते. तीही आता नातवंडांची आजी झाली.

"बाबा, सगळ्या घराला वास येतो. सोडा ना ते."

"सुटत नाय गं. तुझ्या आयची गाठ हाय."

"मंग कोयता आणा."

"कोयता शेजारी दिलाय."

ती पुटपुटत चूल पेटवायला जाते. मी खाली बसून वाशाकडे बघतो. ती गाठ ओढायची नसते. उलटी ढकलली की मऊ होते. मला येतं ते.