फ्रिटाटाचा मूळपुरुष

मसोली गावात धनेशच्या चिकूवाडीतल्या पर्यटक निवासात २०१७ च्या हिवाळ्यापासून न्याहारीला फ्रिटाटा मिळू लागला, आणि ही बाब पर्यटन दर्जा समितीच्या निदर्शनास आली. फ्रिटाटा तिथली स्वयंपाकीण गंगी करायची: कांदा, बटाटा, कोथिंबीर, सहा अंडी, वर झाकण. घरी ती त्याला अंड्याचा पोळा म्हणे. मुंबईच्या पाहुण्यांना पोळा चालत नसे.

समितीचे उमेश साहेब अकरा रकान्यांचा तक्ता घेऊन आले. दहा भरले. अकरावा होता 'विदेशी पदार्थाच्या नावाचा अर्थ, उगम व मूळपुरुष'. तो रिकामा राहिल्यास स्वयंपाकीण बदलून प्रमाणपत्रधारक आचारी नेमावा, असा नियम. गंगीची चूल त्या एका रकान्यात अडकली.

धनेश मोबाईल उंच धरून रेंज शोधू लागला. गंगीला मात्र अर्थ ठाऊक होता. इटलीची एक पाहुणी आठ दिवस राहून गेली होती, तिलाच गंगीनं विचारलं होतं.

"तळलेलं," गंगी म्हणाली. "त्यांच्या भाषेत तळण्याला जे म्हणतात, त्यावरून."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाई, एवढ्या लांबून आलेल्या नावाचा अर्थ तळलेलं?"

"लांबून आलं तरी तव्यावरच येतं ना साहेब."

"तळलेलं लिहिलं तर ते भजीच्या वर्गात जाईल. भजीचा फॉर्म वेगळा, त्याला कढईचा फोटो लागतो. शिवाय इथं मूळपुरुष विचारलाय. तळलेल्याचा मूळपुरुष कोण?"

"भूक लागलेला कुणीतरी."

"पूर्ण नाव सांगा."

धनेश कुजबुजला, "गंगीबाई, सांग काहीतरी. उद्या इथं टोपीवाला आचारी उभा राहील."

गंगीनं पदर खोचला. "एक फ्रिटा राणी होती. बाराशे सालची. रुसून तीन दिवस जेवली नाही. मग राजानं स्वतः सहा अंडी फोडली..."

"हळू, हळू!" साहेब भराभर लिहीत होते. "कोंबडी कुठल्या रंगाची?"

"तांबडी."

"बघा! आता कसा भक्कम पुरावा झाला."

फ्रिटाटाला वारसा पदार्थाचा दर्जा मिळाला. वारसा म्हटल्यावर वारस लागतो. राजघराण्यात जागा नसल्यामुळे गंगीची वारस म्हणून नोंद कोंबडीच्या बाजूनं झाली. पुढल्या वर्षी समितीनं राणीची जयंती ठरवली. त्या दिवशी राणीच्या स्मरणार्थ उपास, म्हणून फ्रिटाटा बंद.

गंगीची चूल शाबूत आहे. पण खोटं तिला पचत नाही. म्हणून पाहुण्यांना ती आधी खरा अर्थ सांगते, "तळलेलं." तुम्हीही कधी या. तुम्ही "हो का?" म्हणून मोबाईलमध्ये डोकं घालाल. मग ती राणीची गोष्ट काढेल, आणि तुम्ही म्हणाल, "थांबा मावशी, रेकॉर्ड करतो."