नानांचा डावा हात

दोघांनी खेळायचा गेम नाना एकटेच खेळतात. उजवा हात म्हणजे ते स्वतः, डाव्या हाताचं नाव आबा. "आबा, झोपलास का?" असं ते आपल्याच डाव्या हाताला विचारतात, तेव्हा ऑफिसात पहिल्यांदा आलेला माणूस माझ्याकडे बघतो. मी चहा सांगतो.

आमचं दोन खोल्यांचं ऑफिस जळगावात, मेहरूण तलावाजवळ. धंदा असा, की जुन्या कॉम्प्युटरवरचे गेम शोधायचे, मालकाची लेखी परवानगी घ्यायची, नव्या कॉम्प्युटरला जुन्याचं सोंग घ्यायला लावणारा एम्युलेटर जोडायचा आणि गेम ऑनलाइन दुकानात विकायला ठेवायचे. एम्युलेटर माझ्याकडे. परवानग्या आणि वेष्टन नानांकडे. वेष्टन म्हणजे दुकानात दिसणारं चित्र. एकदा मी एका नायकाला तिथे जरा रुबाबदार काढून घेतलं. नानांनी चष्मा कपाळावर चढवला. "आत चार चौकोनांचा माणूस आणि बाहेर राजबिंडा? लग्नाची स्थळं अशीच फसतात." चित्र बदललं. तो गेम अजून फारसा खपत नाही.

'मूळ ते मूळ' हे त्यांचं पालुपद. एका गेममधलं विमान शेपटीच्या दिशेने उडतं. गिऱ्हाइकांनी तक्रार केली म्हणून मी ते सरळ करायला घेतलं, तर नानांनी माझ्याशी अबोला धरला. ज्याने केलं त्याची चूकही त्याचीच, तिला हात लावणारे आपण कोण, असं त्यांचं म्हणणं. मालक शोधण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नाही. फिनलंडमधला एक वारस त्यांनी हुडकून काढला, व्हिडिओ कॉलवर त्याच्या गुडघेदुखीची चौकशी केली, एरंडेल सुचवलं आणि सही घेतली.

मग एका दुकानाने भारतीय गेम मागितला. नानांकडे तो होता, 'केळीचा ट्रक'. तरुणपणी धुळ्याला कॉम्प्युटर क्लासात शिकवताना त्यांनी आणि प्रभाकर आबांनी मिळून केलेला. दोन हमाल, एक ट्रक, आपली बाजू केळीच्या घडांनी जो आधी भरेल तो जिंकला. डाव्या हाताचं नाव कुठून आलं ते मला तेव्हा कळलं. मालक दोघे, म्हणजे सह्याही दोघांच्या हव्यात. आबांचं शिंदखेड्याला मोटर दुरुस्तीचं दुकान. पण फिनलंड सापडलेल्या नानांना शिंदखेडा काही सापडेना.

कारण शेवटी त्यांनीच सांगितलं. दोन्ही बाजू एकदम भरल्या तर काय करायचं? आबा म्हणाले होते, दोघं जिंकले असं दाखवू. नानांनी परस्पर उजव्याला जिंकवून टाकलं. उजवीकडे नाना बसत. आबा क्लासातून उठून गेले ते पुन्हा आले नाहीत. एवढ्याशा कारणासाठी दोस्ती वाया घालवणारी माणसं मला अजिबात आवडत नाहीत. तसं मी नानांना सांगितलं आणि गाडी काढली.

आबांनी हाताचं ग्रीस पुसलं, चहा मागवला आणि न वाचता सही केली. आम्ही निघालो तेव्हा अहिराणीत एवढंच विचारलं, "बरोबरी व्हयनी ते आजूनबी तूच जिंकस का?"

नाना खाली बघून चपला घालत राहिले. दुसऱ्या दिवशी ते माझ्या खुर्चीत बसले, मला बाहेर पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

गेम दुकानात लागला, तसा नानांनी आबांना फोन केला. आबा एसटीने आले आणि कुणी न सांगता डावीकडच्या खुर्चीत बसले. ट्रक भरत आला. दोन्ही हमालांच्या खांद्यावर शेवटचा घड, आणि दोघेही टाकेनात. तू टाक, तू टाक असं नुसतं मानेनेच चाललं. मग दोघांनी एकदमच टाकला. पडद्यावर अक्षरं आली, 'दोघं जिंकले'.

"हाई मूळमा नव्हतं," आबा म्हणाले.

"मूळमाच चुकेल व्हतं," नाना म्हणाले आणि स्वतःकडे बोट दाखवलं. "मनी चूक."

मी चहा सांगायला उठलो. नानांचा डावा हात मांडीवर स्वस्थ पडून होता. दाराशी पोचलो तेव्हा मागून आबांचा आवाज आला, "आखो एक डाव."