जावयाची दहा नखं

मोजे शोधायला सिद्धेश तावडेने बायकोचं कपाट उघडलं, आणि तिथेच माती खाल्ली. त्याचे मोजे त्याच्याच कपाटात होते. पण शनिवारी सकाळी, बायको भाजी आणायला खाली गेलेली असताना, नवऱ्याने आपल्या कपाटात आधी बघावं असा काही कायदा नाही.

सिद्धेश मुलुंडच्या एका सहकारी बँकेत कॅशियर होता, आणि संशय हा त्याचा नुसता स्वभाव नव्हता, त्याचाच त्याला पगार मिळत होता. हाती येईल ती वस्तू तो आधी उजेडात धरायचा. नोट तर धरायचाच, पण दुधाची पिशवी, डॉक्टरची चिठ्ठी, एकदा तर सासूबाईंनी वाढलेलं घावनसुद्धा. (घावन अस्सल निघालं. सासूबाईंचा चेहरा मात्र बराच वेळ सरळ झाला नाही.)

तर कपाटात, साड्यांच्या मागे, दिवाळीच्या मिठाईचा एक खोका होता. मिठाई असेल म्हणून त्याने उघडला. आत एक पांढरं, मुठीएवढं यंत्र होतं. बटण दाबल्याबरोबर त्यातून जांभळा-निळा उजेड पडला. हा उजेड त्याच्या रोजच्या ओळखीचा होता. खोट्या नोटा पकडायला काउंटरवर जे मशीन असतं, त्यातला!

मग बाकीचा ऐवज बाहेर आला. स्टीलच्या चकत्या, त्यांवर केसाएवढ्या बारीक रेषांत कोरलेले मोर, कमळं, जाळ्या. रबराचा एक शिक्का. दोन-चार केसांचे ब्रश. चांदीसारखी पूड. एक लोहचुंबक. आणि एक बाटली, जिचं झाकण उघडताच डोळ्यांतून पाणी आलं.

सिद्धेशने सगळं खोक्यासकट पलंगावर मांडलं. कोरीव प्लेट, शिक्का, चकाकणारी पूड, निळा दिवा. श्वेता घरात नोटा छापत होती.

आता एकेक गोष्ट आठवायला लागली. गेला महिनाभर घरात कसलासा उग्र वास येत होता. विचारलं तर म्हणाली, "नवीन फिनाईल आहे." दुपारी सोसायटीतली कोणी बाई बेल वाजवून गेली तरी ही दार उघडत नसे. आणि तो नवा मिक्सर! भिशी लागली म्हणाली होती. आपण काही चौकशी न करता त्या मिक्सरमधली चटणी खाल्ली, म्हणजे कायद्याने आपणही सामील, हेही त्याच्या लक्षात आलं. मोर कुठल्या नोटेवर असतो ते मात्र त्याला काही केल्या आठवेना. म्हणजे चलन परदेशी असणार. प्रकरण त्याला वाटलं होतं त्याहून मोठं होतं.

बायको कशीही असली तरी ती आपली. तिला वाचवायला हवं. त्याने ती उग्र बाटली उचलली (शाई उडवायचं औषध, दुसरं काय?) आणि शेवटच्या थेंबापर्यंत मोरीत ओतून दिली. वर दोन बादल्या पाणी ओतलं. तेवढ्यात लॅचमध्ये किल्ली फिरली आणि तो मोरीतच दबा धरून बसला.

श्वेता फोनवर बोलतच आत आली. "हो नंदाताई, दहाच्या दहा वेगळे दाखवते. प्लास्टिकवर नाही हो, खऱ्यावरच. नाही, ह्याला अजून पत्ता नाही. कळलं तर बोंबलेल. सीझनला माल कमी पडणार नाही, तुम्ही बघाच!"

सिद्धेश मोरीतून बाहेर आला. आवाज जमेल तेवढा मऊ करून म्हणाला, "श्वेता, आपण स्वतःहून जाऊया. स्वतःहून गेलं की कमी होते म्हणतात."

"काय कमी होते?"

"शिक्षा."

श्वेताने त्याच्याकडे बघितलं, पलंगावरच्या खोक्याकडे बघितलं, आणि भाजीची पिशवी खाली ठेवली. "तू माझं कपाट उघडलंस?"

"तो मुद्दा नाही. त्या टोळीची नंदा कोण, ते सांग."

"टोळी? नंदाताईचं पार्लर आहे रे, स्टेशनजवळ! आणि हे नेल आर्टचं सामान आहे. नखांवरचं. तुला काय वाटलं?"

काय वाटलं ते सिद्धेशने सांगितलं. (सांगायला नको होतं.) श्वेता आधी हसली, मग हसता हसता थांबली, आणि तिने दोन्ही हात त्याच्यासमोर धरले. डाव्या हाताच्या नखांवर कमळं अशी नाजूक उमलली होती की सिद्धेशला ती उजेडात धरून बघावीशी वाटली. उजव्या हाताच्या नखांवर मात्र फ्लॉवरचे गड्डे होते.

"काल रात्री तू झोपल्यावर केली. डाव्या हाताने उजव्यावर करायला जमत नाही," ती म्हणाली. "नंदाताई लग्नाच्या सीझनला मला कामाला घेणार आहे. पण खऱ्या माणसाच्या दहा नखांवर दहा वेगवेगळ्या पद्धती करून दाखवायच्या, अशी तिची अट आहे. आज फोटो पाठवायचाय. माझ्याकडे पाचच नखं आहेत."

"मग मला सांगायचं ना!"

"चॉकलेटचा क्लास केला तेव्हा सांगितलं होतं. सगळ्यांसमोर म्हणालास, सॅम्पल मुंग्यांना दे, त्या तक्रार करत नाहीत." श्वेताने चकत्या खोक्यात परत भरायला घेतल्या. "ते साचे अजून माळ्यावर आहेत. ह्या वेळी मला हे जमतंय रे. खरंच जमतंय."

सिद्धेशला वाईट वाटलं, अगदी मनापासून. आणि वाईट वाटलं की माणूस जे करतो तेच त्याने केलं. विचार न करता तोंड उघडलं.

"माझी घे नखं. हाताची नको, सोमवारी काउंटर आहे. पायाची घे. बुटात कोण बघतंय?"

दुपारभर त्याचे पाय श्वेताच्या मांडीवर होते. आधी तिने अंगठ्यांवरचे केस काढले, तेही त्याच्याच दाढीच्या रेझरने. मग एका अंगठ्यावर चकतीतला मोर शिक्क्याने उमटवला, दुसऱ्यावर चांदीची पूड घासून आरसा केला. शेजारच्या बोटावर ओल्या रंगावर चुंबक धरला, तशी त्यात मांजराच्या डोळ्यासारखी रेघ सरकत आली. स्पंजने रंगात रंग मिसळले, पाण्यावर रंग सोडून संगमरवर काढला, केसांच्या पिनेने ठिपके दिले. प्रत्येक बोट निळ्या दिव्याखाली जाऊन यायचं. सुरुवातीला सिद्धेश तोंड फिरवून बसला होता. चौथ्या बोटाला वाकून बघायला लागला. शेवटी तर म्हणाला, "ह्या करंगळीला जरा फिकट घे ना, मोराशी मॅच होत नाही."

फोटो गेला. नंदाताईचं उत्तर आलं: "सुंदर. पण नेटवरचे वाटतात. बाईचे पाय इतके मोठे कसे? मॉडेल समोर दाखव, नाहीतर राहू दे."

श्वेताचा चेहरा उतरला. आपल्यापेक्षाही संशयी माणूस जगात आहे हे कळून सिद्धेशला नंदाताईबद्दल थोडा आदर वाटला. पण लेडीज पार्लरमध्ये जाऊन पाय दाखवायला त्याने साफ नकार दिला. मोठेपणाला काही हद्द असते.

"बरं, काढून टाकते. रिमूव्हरची बाटली कुठाय?"

"ओतली."

"कुठे?"

"मोरीत. पुरावा होता तो."

"अरे, हे जेल आहे! त्या बाटलीशिवाय निघत नाही, आणि ती आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही." तिने कपाळावर हात मारला. "राहू दे आता. सोमवारी आणते. उद्या काय, फक्त आईकडे जेवायला तर जायचंय."

"हो, जेवायलाच तर जायचंय," सिद्धेश म्हणाला.

दिंडोशीला श्वेताचं माहेर. अधिक महिना चालू होता, म्हणजे जावयाला बोलावून धोंड्याचं जेवण घालायचा महिना. ही संधी तीन वर्षांनी एकदा येते. मागच्या वेळी मिळालेला चांदीचा करंडा सिद्धेशच्या लक्षात होता, तेहतीस अनारसे तर चवीसकट लक्षात होते. जेवणाआधी काय करतात तेवढं मात्र दोघांच्याही डोक्यातून गेलं होतं. ते आठवलं तेव्हा तो पाटावर बसला होता आणि सासूबाई विमलाबाई कोमट पाण्याचा तांब्या आणि परात घेऊन समोर येत होत्या.

जावयाचे पाय धुतात.

"जावयबापू, मोजे काढा," सासरे गुणाजी म्हणाले.

"असू देत. सर्दी झालीय."

"मे महिन्यात?"

"एसीची."

गुणाजींनी डोळे बारीक केले. गिरणीत आयुष्य गेलेला माणूस, त्याला असल्या थापा पचत नसत. "शुगर तर नाय ना वाढली? आमच्या खात्यात एकाचो अंगठो कापूक लागलो. तेनापण असोच मोज्यात लपवून ठेवलेलो."

विमलाबाईंनी तांब्या खाली ठेवला. "श्वेता, गो खरा सांग! काय झाला ह्येंच्या पायांक?"

"काही नाही गं आई," श्वेता म्हणाली, आणि ते इतक्या घाईने म्हणाली की आता सगळ्यांचीच खात्री पटली. धाकटी मेहुणी श्रुतिका व्हिडिओ काढायला मोबाईल धरून उभी होती, तिनेही मोबाईल थोडा खाली घेतला. कालपर्यंत जगाकडे संशयाने बघणारा सिद्धेश आज पाटावर बसून तीन जणांच्या नजरा झेलत होता, आणि उजेडात धरलेल्या नोटेला कसं वाटत असेल ते त्याला पहिल्यांदा कळलं.

"उगाच लाजा नको," गुणाजी म्हणाले, खाली वाकले आणि दोन्ही मोजे त्यांनी स्वतः ओढून काढले.

परातीत मोर उतरला. शेजारी आरसा, मांजराचा डोळा, संगमरवर, ठिपके, आणि मोराशी मॅच होणारी फिकट करंगळी.

श्रुतिकाने मोबाईल पुन्हा वर घेतला आणि नुसत्या पायांवर धरला. मग गुणाजींनी पाणी ओतलं आणि अंगठा चोळला. आणखी जोरात चोळला. शेवटी उटणं लावून घासला. "ह्यां निघणा नाय गो!" ते घाबरून बायकोला म्हणाले.

श्वेताचे डोळे मात्र चमकले. "श्रुतिका, सगळं रेकॉर्ड झालं? पाठव मला. लगेच!"

जावई परातीत पाय ठेवून तसाच बसला होता, तेवढ्यात नंदाताईचं उत्तर आलं आणि श्वेताने ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं: "नेटवरचे नाहीत, कळलं. उटण्याने घासूनही टवका नाही! मानलं. परवापासून कामाला ये. मॉडेलच्या वडिलांना माझा नमस्कार सांग, लेकीचे पाय किती मायेने धुतायत."

श्वेताने सगळ्यांसमोर त्याचा हात घट्ट धरला. तिला इतकं खूश त्याने लग्नातही बघितलं नव्हतं, आणि क्षणभर सिद्धेशला वाटलं, चला, इज्जत गेली पण सार्थकी लागली. आता अनारसे खायला हरकत नाही.

विमलाबाई पदराने त्याचे पाय पुसत होत्या. सावकाश, एकेक बोट निरखून. मग त्यांनी वाणाच्या ताटातल्या चांदीच्या निरांजनाकडे बघितलं, पुन्हा पायांकडे बघितलं आणि हळहळत नवऱ्याला म्हणाल्या,

"अहो, उगाच निरांजन घेतलास. जोडवी घेवची होती."