सोनीबाईंना खुर्चीवरून उतरवण्याचा कार्यक्रम

अहेरी तालुक्यातल्या एका टोल्यावर, म्हणजे छोट्याशा पाड्यावर, त्रेचाळीस बाया मोहफुलं वेचतात, वाळवतात आणि विकतात, आणि त्यांच्यात एकही पुढारी नाही, ही गंभीर बाब पहिल्यांदा माझ्याच लक्षात आली. मी प्रणित, मूळचा नागभीडचा, व्यवस्थापन शिकलो पुण्यात, आणि सध्या युरोपातल्या एका थंड देशातल्या कंपनीचा जिल्हा समता समन्वयक आहे. ही कंपनी या बायांच्या मोहफुलांच्या पौष्टिक वड्या करून जगभर विकते.

बायांची मागणी साधी होती. वाळवणीवर टिनाचं छप्पर. मागच्या वर्षी ऐन मोसमात अवकाळी पाऊस आला आणि अर्धी फुलं अंगणातच काळी पडली. कंपनीनं छप्पर तत्त्वतः मंजूर केलं होतं.

"तत्त्वतः म्हंजे?" सोनीबाईंनी मला विचारलं. साठीच्या असतील, पण झाडाखाली वाकल्या की तरण्या पोरींना मागे टाकतात.

"म्हणजे होकार आहे, पण..."

"समजलं. हो म्हनलं, पन देनार नाई."

मी खुलासा केला. नेतृत्व, प्रभाव, समता आणि संवाद या चार विषयांना पंचवीस-पंचवीस गुण. शंभरात ऐंशी मिळाले की छप्पर.

"मोह कवा पडते, मालूम हाय ना तुमाले?"

"मार्च संपता संपता."

"मंग गुन त्याच्या आंधी द्या."

फॉर्म भरून आला. 'नेत्याचं नाव' या रकान्यात त्रेचाळीस नावं होती. रकाना पुरला नाही म्हणून वहीचं पान टाचलं होतं. इथं काही ठरवायचं असलं की सगळ्या चिंचेखाली गोल बसतात, आणि एकीला जरी पटलं नाही तरी कोणी उठत नाही. मुख्यालयाचं उत्तर आलं: नेतृत्व शून्य, समता शून्य. ज्या गटात नेताच नाही, त्यातला नेता इतरांना समान वागवतो की नाही हे तपासायचं कसं? प्रश्न बिनतोड होता.

मग नेता निवडायला बाया चिंचेखाली बसल्या. तीन दिवस बसल्या. तिसऱ्या दिवशी सोनीबाई मीठमिरची आणायला अहेरीच्या बाजाराला गेल्या आणि एकमतानं निवडून आल्या.

"जे हजर नाई, त्याले नाई म्हनता येत नाई," त्यांची सून सत्यशीला मला म्हणाली.

नेतृत्वाला वीस गुण पडले, पण समता जागची हलेना. आता एक वर आणि बेचाळीस खाली असं चित्र होतं. त्यावर उपाय म्हणून पुण्याहून दीपाली मॅडम आल्या. त्यांच्या कार्यशाळेचं नाव होतं उतरंड विसर्जन. तिचा गाभा असा की नेत्यानं सर्वांसमक्ष उच्चासनावरून उतरून जमिनीवर बसायचं. अडचण एवढीच, की सोनीबाई जमिनीवरच बसलेल्या होत्या.

"उतरायला आधी चढलेलं असावं लागतं," दीपाली मॅडम म्हणाल्या. मी अहेरीहून फिरती खुर्ची मागवली. तिची चाकं सारवलेल्या भुईत रुतली. सोनीबाई पाय वर घेऊन मांडी घालून बसल्या, शेतातल्या मचाणावर बसावं तशा, आणि चित्रीकरणासाठी अकरा वेळा उतरल्या.

"बाई, मी पयले खालीच होती ना?" त्यांनी अकराव्यांदा विचारलं.

"हो, पण ते नकळत होतं," दीपाली मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भाऊ, बाई, साहेब, मॅडम हे सगळे शब्द बंद झाले. प्रत्येकानं प्रत्येकाला नुसत्या नावानं हाक मारायची. म्हणजे सत्यशीलेनं सासूला 'सोनी' म्हणायचं. तिनं पदर तोंडावर घेतला आणि मान हलवली. दीपाली मॅडमनी पेन उघडलं.

"म्हन वो, म्हन," सोनीबाई कळवळून म्हणाल्या. "छपराचा सवाल हाय."

सत्यशीला गोठ्यात जाऊन गाईसमोर दोनदा म्हणून आली. मग भिंतीकडे तोंड करून ती एकदाची "सोनी" म्हणाली, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसत सुटल्या, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. दीपाली मॅडमनी नोंद केली: भावनिक अडथळा दूर. समता वीस.

प्रभाव मोजायला मात्र पहाटे उठावं लागलं. तोवर फुलं पडायला लागली होती. नेत्यानं आज्ञा द्यायची आणि किती जणी पाळतात ते आम्ही मोजायचं. सोनीबाई अंगणात येऊन म्हणाल्या, "चला, मोह येचाले!" उत्तर आलं नाही. बेचाळीसही जणी केव्हाच झाडाखाली पोचल्या होत्या. प्रभाव शून्य.

दुसऱ्या पहाटे दुरुस्ती केली. सांगितल्याशिवाय कोणी निघायचं नाही. बाया टोपल्या घेऊन रांगेत उभ्या, सोनीबाई दीपाली मॅडमच्या खुणेसाठी थांबलेल्या, आणि दीपाली मॅडम कॅमेऱ्यापुरता उजेड होण्यासाठी. उजेड झाला, आज्ञा झाली, बेचाळीसच्या बेचाळीस धावल्या. झाडाखाली बकऱ्या शेवटची फुलं चघळत होत्या. प्रभाव बावीस.

"आजचा मोह गेला," सोनीबाई म्हणाल्या. त्या पहिल्यांदाच हसल्या नाहीत. मला वाईट वाटलं, पण वाईट वाटण्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

राहिला संवाद. टोल्यामागच्या टेकडीवर रेंज येते, तिथं चढून आम्ही कंपनीच्या प्रमुखांना व्हिडिओ कॉल लावला. हेलगे साहेब. त्यांना साहेब म्हणायचं नाही, असा हेलगे साहेबांचा हुकूम होता. ते इंग्रजीत बारा मिनिटं बोलले. दीपाली मॅडमनी त्याचं शुद्ध मराठीत पाच मिनिटांत रूपांतर केलं. मी सोनीबाईंना सांगितलं, "लय खूश हायेत ते."

"टिना कवा येतीन, विचारा त्याले. आभाळ भरून राह्यलं."

मी दीपाली मॅडमना म्हणालो, "छपराविषयी त्यांची भावना तीव्र आहे. आभाळाकडे बोट दाखवतात."

दीपाली मॅडम इंग्रजीत म्हणाल्या, की आता आपल्या डोक्यावर कुठलंच छप्पर उरलं नाही, थेट आभाळ आहे, असं या बाईंना वाटतं. हेलगे साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. संवाद पंचवीस.

एकूण सत्त्याऐंशी. छप्पर मंजूर, मात्र प्रमाणपत्र वितरणानंतर. वितरणासाठी टोल्यावर मोठा मंडप पडला, पाणी न गळणाऱ्या कापडाचा. दोनशे खुर्च्या मांडल्या, गडचिरोलीहून आणि मुंबईहून पाहुणे आले. मंडपाबाहेर अंगणाअंगणांत चटयांवर आठ दिवसांचा मोह वाळत होता. एक पाहुणे समतेवर बोलायला उभे राहिले आणि पश्चिमेकडून काळंभोर आभाळ चढून आलं.

सोनीबाई व्यासपीठावरच्या फिरत्या खुर्चीतून उठल्या. या वेळी त्यांना कोणी खूण केली नव्हती. त्यांनी पाहुण्यांच्या हातातला माइक घेतला.

"उठा सगळे! खुर्च्या भाईर, मोह अंदर!"

त्या आवाजात असं काहीतरी होतं, जे आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. बाया धावल्या, पाठोपाठ पाहुणेही धावले. दीपाली मॅडम डोक्यावर टोपली घेऊन पळाल्या. सहा वर्षं जपलेली माझी पुणेरी भाषा पहिल्या सरीत धुऊन निघाली. "अवो बाई, तिकडं काऊन? इथी, इथी टाका!" मी ओरडत होतो. खरं सांगतो, या नोकरीत मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

एक फूल काळं पडलं नाही. पाहुणे मात्र मंडपाबाहेर सारखेच भिजले. मी अहवालात समतेला पंचवीसपैकी पंचवीस दिले. मुख्यालयानं अहवाल फेटाळला. नेत्यानं पाहुण्यांना एकतर्फी स्वरूपाचा हुकूम सोडला, सबब प्रमाणपत्र स्थगित, छप्पर पुन्हा तत्त्वतः. मंडपवाला कापड उतरवायला आला तेव्हा सोनीबाई त्याला म्हणाल्या, "मोह संपल्यावर ने." तो मुकाट्यानं तीन आठवड्यांनी आला. त्या मोसमात सगळा मोह सोन्यासारखा वाळला, आणि बायांनी छपराचा विषय माझ्याकडे पुन्हा काढला नाही.

वड्यांच्या नव्या पाकिटावर सोनीबाईंचा हसरा फोटो आहे आणि खाली लिहिलं आहे, 'समतेची चव'. तुम्ही ते विमानतळावर घेतलंत. मागचा मजकूर वाचून तुमचं मन भरून आलं, फोटो काढून चार जणांना पाठवलात. वडी काही तुमच्या घरात कोणाला आवडली नाही. परवा फ्रीज आवरताना तुम्हाला दिसलं, की तारीख उलटून महिना झाला आहे. फेकून देण्यापेक्षा बरं म्हणून तुम्ही ते पाकीट भांडी घासायला येणाऱ्या बाईंच्या हातावर ठेवलंत, आणि वर त्यांना म्हणालात, "जपून खा हं, फार महाग असतं."